तू दमली असशील ना?

टॅक्सीत बसणं म्हणजे हार मानणं, अशी श्यामला ओगलेची पक्की समजूत होती. नॉटिंगहॅमच्या मराठी मंडळातलं कुणी सुट्टीला निघालं की ती आपण होऊन फोन करायची आणि कुठली बस, ती कुठे सोडते, पुढे ट्राम कुठे मिळते, हे सगळं ऐकवायची. समोरच्याला विचारायचं असो वा नसो. "आमची बायको स्वर्गातसुद्धा बस बदलून जाईल," असं तिचा नवरा अपूर्व म्हणायचा, आणि तिला ते कौतुकच वाटायचं. हॉस्पिटलच्या फार्मसीत दिवसभर दुसऱ्यांच्या औषधांवर नजर ठेवणारी ही बाई, पण शेजारी चालणाऱ्या माणसाकडे मात्र तिचं लक्ष नसे.

तर या श्यामलानं एप्रिलमध्ये इरावतीकाकूंना स्पेनच्या किनाऱ्यावर, आलिकान्तेला न्यायचं ठरवलं. काकू सत्तरीच्या पुढच्या. काका इथल्याच हॉस्पिटलात डॉक्टर होते. ते गेल्यापासून शहराला लागून असलेल्या बीस्टनच्या दुमजली घरात काकू एकट्याच राहायच्या. श्यामला नागपूरहून पहिल्यांदा इथे आली तेव्हा ओळख ना पाळख, नुसतं मंडळातून नाव कळलं म्हणून काकू गाडी घेऊन स्टेशनवर येऊन उभ्या राहिल्या होत्या. "दमली असशील," एवढंच म्हणाल्या आणि तिची बॅग डिकीत टाकली. त्या उपकाराची परतफेड करायची श्यामलाची फार इच्छा होती, आणि काकूंना एकदा मोकळा समुद्र बघायचा होता.

नॉटिंगहॅमहून बसनं विमानतळ, तिथून विमान आणि पुढे आलिकान्तेत शहरात जाणारी बस. ती खच्चून भरलेली, म्हणून दोघी बॅगा सांभाळत दांड्याला धरून उभ्या. उतरल्यावर श्यामला ताडताड चालायला लागली.

"तू दमली असशील ना गं?" मागून काकू म्हणाल्या.

"छे हो काकू! मी कसली दमतेय!"

दुसऱ्या दिवशी त्या किनाऱ्याकिनाऱ्यानं जाणाऱ्या ट्राममध्ये बसल्या. रुळाला लागूनच समुद्र आला तेव्हा काकूंनी काचेवर तळहात टेकवला आणि किती तरी वेळ काढलाच नाही. श्यामलाला धन्य धन्य वाटलं. रंगीबेरंगी घरांच्या एका गावात उतरून त्या उताराउतारानं पाण्यापर्यंत गेल्या. येताना तोच चढ उभा होता. कोपऱ्यावर एक टॅक्सी थांबलेली. काकूंनी तिच्याकडे पाहिलं, मग श्यामलाकडे.

"तुझी ती बॅग जड झाली असेल ना?"

"अजिबात नाही. भरभर चला हं काकू, ट्राम चुकेल."

आणि वर पोचल्यावर धापा टाकणाऱ्या काकूंना शेजारी उभं करून तिनं सेल्फी काढला नि मंडळाच्या ग्रुपवर टाकला: नो टॅक्सी! परतीच्या विमानातून उतरल्यावर काकू पाय ओढत चालत होत्या, तेही तिला दिसलं. विमानात अवघडल्या असतील, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

घरी येऊन आठवडा होतो न होतो तोच साकेतचा फोन आला. काकूंचा हा मुलगा केंब्रिजला असतो, जन्म इथलाच.

"श्यामलाताई, फर्स्ट ऑफ ऑल, थँक यू. आई हॉलिडेवर खूप हॅपी होती. पण घरी आल्यावर ती स्टेअर्सवरून स्लिप झाली. तिची गुडघा इतकी स्वेल झाली आहे. हे घर आता सेफ नाही. मी तिला इकडे आणतो, ग्राउंड फ्लोअर फ्लॅट बघितली."

श्यामला वरणभाताचा डबा घेऊन धावली. काकू सोफ्यावर, गुडघ्यावर फ्रोझन मटारची पिशवी.

"कशा पडलात, काकू?"

"अगं, जिना आहे तो. पडायचंच कधी तरी." असं म्हणताना काकू खिडकीबाहेर बघत होत्या.

विमानातून उतरतानाच त्या पाय ओढत होत्या, हे श्यामलाला आठवलं. काकू पडल्याच नव्हत्या. मुलानं श्यामलाला बोल लावू नये म्हणून त्यांनी जिन्यावर आळ घेतला होता. आणि मग तो चढ आठवला, ती टॅक्सी आठवली. या पिढीच्या बायका स्वतःसाठी कधी काही मागत नाहीत. भूक स्वतःला लागते आणि विचारतात तुम्हाला. श्यामलाची स्वतःची आई अशीच. नागपुरात तिला हे न सांगता कळलं असतं. इथे कळलं नाही, कारण ट्राम गाठायची होती.

तेव्हाच तिनं साकेतला फोन करायला हवा होता. केला नाही. साकेत काय म्हणेल, मंडळात काय होईल, या भीतीनं ती गप्प बसली आणि रोज डबे पोचवत राहिली. कधी पिठलं, कधी साबुदाण्याची खिचडी. काकू म्हणायच्या, "किती करतेस गं," आणि तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं. अपराधी मन डब्यानं निवत नाही, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं, तरी ती डबे भरत होती. स्वतःची इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती.

मग एका शनिवारी काकूंच्या बागेत, काकांनी लावलेल्या गुलाबांपाशी, घर विकायचा बोर्ड उभा दिसला.

काकू स्वयंपाकघरात काठी टेकून चहा करत होत्या. आवाज अगदी सहज होता.

"साकेतशी तुझं बोलणं होतं का गं कधी? कामात असेल, नाही?"

या खेपेला श्यामला 'छे' म्हणाली नाही. तिनं तिथल्या तिथे फोन लावला.

"साकेत, काकू जिन्यावरून पडल्या नाहीत. मी त्यांना तिकडे फार चालवलं. टॅक्सी समोर उभी होती, मी घेतली नाही. घराचा काही दोष नाही. माझा आहे."

"तुम्हाला दिसलं नाही? शी वॉज इन पेन."

"दिसलं होतं. मी लक्ष दिलं नाही."

"मी एजंटला थांबायला सांगतो. पण ताई, मला आता तुमच्याशी नाही बोलायचं आहे." फोन बंद झाला. 'ठीक आहे' असं तो म्हणाला नव्हता, आणि त्यानं म्हणावं अशी तिची अपेक्षाही नव्हती.

काकूंनी कपात चहा ओतला, एका हातानं ओट्याची कड धरली आणि विचारलं,

"तू दमली असशील ना गं?"

"हो काकू, फार," श्यामला म्हणाली, आणि तिनं आधी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.