नारळातलं हसू

खडेबाजारात नारळ कानाशी धरून हलवला, की खानापूरच्या रानातलं आमचं सिद्दी जमातीतलं घर आठवतं. घरातल्या प्रत्येक वारलेल्या थोरल्या माणसासाठी महानवमीला एक नारळ मांडायचा आणि त्याचं आयुष्य सांगायचं, ही आमची रीत. आजोबा गेले त्या वर्षी धुरानं भरलेल्या घरात आत्या सगळ्यांविषयी बोलली, मधासाठी झाडावर चढणाऱ्या काकाविषयीसुद्धा. शेवटी ती आपल्या बापाच्या नारळापाशी आली. आजोबांचं हसू पोटातच डुचमळायचं. तिनं नारळ उचलला, माझ्या कानाशी हलवला आणि म्हणाली, "आयक गं, आप्पा हसाय लागलाय." यंदा आत्यासाठी नारळ घ्यायचाय. दुकानदार म्हणतो, "पाणी हाय की ओ त्यात." मी अजून ऐकतेच आहे.