मोकळ्या बाईला मुराळी नसतो

मी मुरूम गावातल्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. शब्दाच्या मुळाशी जायची मला खोड आहे, त्यापायी माझा अभ्यासक्रम दरवर्षी मागं पडतो. 'इमॅन्सिपेट', म्हणजे मुक्त करणं, हा शब्द आला की मी पोरांसमोर मूठ आवळून धरते. जुन्या रोमन लोकांत लेकरू कायद्यानं बापाच्या हातात असायचं. त्या हातातून सोडणं हा त्या शब्दाचा जुना अर्थ. मी मूठ उघडली की पोरं हसतात.

मला कोर्टानं सोडवलं. सासर वाईट होतं, त्यावर जास्त लिहायची इच्छा नाही. निकाल लागला त्या दिवशी वडील एवढंच म्हणाले, "सुटलीस बाई. आता तू मोकळी." सास्तूरला माहेरी आले तेव्हा मला कुणी टोचून बोललं नाही. भावजयीनं तर माझ्या आवडीची शेंगांची चटणी कुटली. उगाच खोटं कशाला सांगू?

पण नागपंचमी आली. पंचमीला लग्न झालेल्या लेकीला माहेरी आणायला तिचा भाऊ सासरी जातो, त्याला मुराळी म्हणतात. मी सासरी होते तेव्हा दादा दरवर्षी यायचा. सासू तोंड वाकडं करायची, आज नको उद्या म्हणायची, आणि दादा उंबऱ्याशी हटून बसायचा. "हिला घेतल्याबगर म्या हलत न्हाय," म्हणायचा. त्या घरातलं मला तेवढंच आठवावंसं वाटतं.

माहेरीच राहायला लागल्यावर मुराळी कुठून येणार? गल्लीत बाकीच्या लेकी येऊन उतरायच्या, नव्या बांगड्या भरायच्या, आणि मी भावजयीबरोबर पुरण वाटत बसायचे. पुढं ही नोकरी लागली आणि मी मुरूमला खोली केली. रोजचं जाणं-येणं जड जातं म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण वेगळंच होतं. मला वाटलं, लांब राहिले तर पंचमीला कुणीतरी न्यायला येईल. कुणी आलं नाही. दादाचा फोन मात्र दरवर्षी येतो, "ये की कवाबी, तुझंच घर हाय. तुला कोण अडवतंय?"

यंदा वर्गात 'फ्री'चं मूळ काढलं आणि माझंच डोकं फिरलं. फार पूर्वी त्या शब्दाचा अर्थ होता लाडका, जिवाभावाचा. घरात गुलामही असत आणि घरची माणसंही असत. ज्यांच्यावर घराची माया, ते फ्री. आपला 'प्रिय' त्याचाच लांबचा भाऊबंद, आणि 'फ्रेंड'ही त्याच घरातला. हे सांगता सांगता मी फळा पुसायला वळले.

त्याच आठवड्यात पंचमी होती. घरमालकिणीच्या सुनेला न्यायला तिचा भाऊ आला. तो ओट्यावर बसून होता आणि घरमालकीण सुनेला दोन दिवसांसाठी छप्पन्न अटी घालत होती. सून खाली मान घालून हो हो करत होती, पण तिचे डोळे हसत होते. मला तिचा हेवा वाटला. विचारल्याशिवाय दाराबाहेर न पडणाऱ्या पोरीचा हेवा, आणि तो मला, इंग्रजीच्या मॅडमला! लाज वाटली, पण हेवा काही गेला नाही.

मी वर खोलीत जाऊन बॅग भरली आणि दादाला फोन लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडून म्हणाले, "दादा, मला न्यायला ये."

त्यानं विचारलं, "का गं? बरं न्हाय व्हय तुला?"

"बरी हाय. पंचमी हाय म्हणून."

तो हसला. अगदी मायेनं हसला. "खुळी का काय तू? तुझ्याकडं गाडी हाय की!"

"व्हय, हाय," मी म्हणाले.

खाली अंगणात माझी स्कूटी उभी होती, पेट्रोलही भरलेलं होतं. पंचमी मी मुरूमलाच केली.