मोरेश्वररावांचे बिशप

बातमी आली तेव्हा मी गॅरेजात विंटर टायर बसवून घेत होतो. बायको फोनवर म्हणाली, "भाऊजी गेले." मी विचारलं, "कुठे?" ...फोन स्पीकरवर होता आणि शेजारी बायकोची थोरली बहीण, म्हणजे त्यांच्याच पत्नी, ताई बसलेल्या. म्हणजे मोरेश्वरराव जाता जाताही मला तोंडघशी पाडून गेले.

हे माझे थोरले साडू. कॅल्गरीच्या तेल कंपनीतून रिटायर झालेले इंजिनियर आणि आमच्या मराठी मंडळाचे न हलणारे अध्यक्ष. "श्रद्धांजलीत चांगलं लिहा," असं ताईंनी बजावलंय. बरं. माणूस हेकट होता, पण वक्तशीर हेकट. एकदा स्वस्त तिकिटापायी लंडनला जाताना आइसलँडमध्ये उतरले आणि तिथे त्यांना त्या देशाचे पहिले बिशप सापडले, हजारेक वर्षांपूर्वीचे. तेव्हापासून बिशपना 'ते' आणि आम्हाला 'अरे'. गणपतीत पोळ्या कमी पडोत की पार्किंगवरून जुंपो, हे चष्मा पुसत सुरू व्हायचे : "बिशप गरीब होते. लोक त्यांचं एक ऐकायचे नाहीत. तरी सम्राटाच्या भेटीला जाताना त्यांनी पांढरं अस्वल नेलं." मी एकदा विचारलं, "कॅरी-ऑन की चेक-इन?" पुढची दिवाळी आम्ही अबोल्यात काढली.

मला त्यांची खुर्ची हवी होती, हे लपवण्यात अर्थ नाही. एका वर्षी मी माणसं फोडली, त्यांच्याविरुद्ध सह्या गोळा केल्या, सभा भरवली. मोरेश्वररावच राहावेत असं कुणाला वाटतं, असा पुकारा झाला आणि नेमका त्याच क्षणी मी वॉशरूमला जायला हात वर केला. ते निवडून आले, एका हाताच्या फरकाने. "आभारी आहे, शरद," म्हणाले. हसले नाहीत, हे जास्त लागलं.

शेवटचं भेटलो ते हॉस्पिटलात. वाटलं, आता तरी म्हणतील, मंडळ तू सांभाळ. तर म्हणे, "बिशप आजारी पडले, तेव्हा लोकांनी विचारलं, पुढचा कोण? ते म्हणाले, मला वागवलंत त्यापेक्षा त्याला बरं वागवणार असाल, तरच कुणी मिळेल."

"तुम्ही तरी आम्हाला कुठे बरं वागवलंत?" मी म्हणालो.

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं... मी पार्किंग संपतंय म्हणून उठलो.

आता अध्यक्ष मी आहे. दुसरं कुणी तयारच नव्हतं, त्यामुळे हात मोजायची वेळ आली नाही. परवा पहिली सभा झाली. श्रीखंड विकतचं की घरचं, यावर तासभर भांडण, माझा आवाज कुणाच्या कानात शिरेना. "मोरेश्वरराव असते तर," असंही कुणीतरी म्हणालं. हेच लोक माझ्या सह्यांच्या मोहिमेत पुढे होते. मी उभा राहिलो, घसा खाकरला आणि तोंडातून निघालं, "आइसलँडचे पहिले बिशप..."

सभा गप्प झाली. मागून आवाज आला, "काका, प्लीज. नॉट यू टू."