काचघरातलं तळं आणि माझी न्हाणी

आमच्या घरात पक्क्या चुन्याच्या भिंतींआड पहिल्यांदा कोण राहायला गेलं असेल, तर मासे. आज या गोष्टीला सगळे हसतात, मीही हसते, पण त्या वर्षी मला हसू आलं नव्हतं. त्या वर्षी मी नुसती जळत होते.

हे सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. घर ठाण्याला, काम कल्याणच्या बाजूच्या मोऱ्यांवर आणि रस्त्यांवर. सकाळच्या आगगाडीने जायचे, दिवेलागणीला परत यायचे. गावोगावची बांधकामं यांच्या नजरेखाली उभी राहत होती आणि आमच्या घराला न्हाणी नव्हती. विहिरीजवळ चार बांबू रोवून भोवती गोणपाट बांधलेलं, तीच आम्हा बायकांची अंघोळीची जागा. वारा सुटला की एका हातात तांब्या आणि दुसऱ्या हातात गोणपाटाचं टोक. पलीकडच्या मोकळ्या जागेत गाडीवान बैल सोडत, त्यामुळे उजाडायच्या आत उरकावं लागे.

माझी आई मी लहान असतानाच गेली, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. दिवस पौषातले. सुईण त्या गोणपाटाआड मला न्हायला घाली आणि खाडीवरचा वारा सरळ अंगावर येई. मला ताप भरला, मग बाळाला भरला. मुलगा होता. अकराव्या दिवशी गेला. सुईण म्हणाली, वारा बाधला. वैद्यांनी काही वेगळंच कारण सांगितलं. खरं काय ते देव जाणे, पण माझ्या डोळ्यांपुढून ते फडफडणारं गोणपाट काही हललं नाही.

दोन वर्षांनी पुन्हा दिवस गेले. हिशेब केला तर पुन्हा पौषच येत होता. त्या क्षणी मी मनाशी ठरवलं की या खेपेला चार भिंती हव्यात. दागिना नको, लुगडं नको, डोक्याइतक्या उंच चार भिंती आणि खाली फरशी.

आता हे सांगायचं कुणाला? वडीलधाऱ्यांदेखत नवऱ्याशी बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. जे काही असेल ते सासूबाईंच्या कानावर घालायचं, त्या योग्य वेळ बघून पुढे पोचवणार. त्यात दिवस गेल्यापासून माझं अंथरूण सासूबाईंच्या खोलीत पडू लागलं होतं, म्हणजे एकांतात चार शब्द बोलायची सोयही संपली. मी वैशाखात सासूबाईंना सांगितलं. त्या वाती वळत होत्या. "बरं," म्हणाल्या.

ज्येष्ठ लागला आणि कल्याणच्या भट्टीच्या विटा मचव्यातून बंदरावर आल्या, तिथून गाडीने आमच्या परसात. मागोमाग चुना आला. मला वाटलं, निरोप पोचला. खोटं कशाला सांगू, कुणी बघत नाहीसं पाहून मी त्या विटांवरून हात फिरवला. त्या दिवशी यांच्यासाठी मुद्दाम घावन केले.

चार दिवसांनी गवंडी आला आणि त्याने विहिरीपाशी दोरी न धरता परसाच्या दुसऱ्या टोकाला धरली.

त्याचं कारण फाल्गुनापासून ओटीवर भिंतीला टेकून ठेवलेलं होतं. एका साहेबाची बदली झाली, तेव्हा त्याच्या बंगल्यावर सामानाचा लिलाव पुकारला गेला. लोकांनी खुर्च्या घेतल्या, कपाटं घेतली. यांनी काचघर घेतलं. लोखंडी सांगाडा आणि काचांची तावदानं. विलायतेत थंडीने झाडं मरतात म्हणून ती काचेच्या घरात ठेवतात म्हणे. ठाण्यात माणसंच उकाड्याने मरायला टेकलेली, इथे झाडांना ऊब कसली द्यायची? पण यांच्याकडे एक इंग्रजी पुस्तक होतं. त्यात लिहिलं होतं की काचघराच्या मध्ये एक लहानसं तळं बांधावं, त्यात मासे सोडावे, म्हणजे हवा ओलसर राहते आणि नेच्यांची पानं टवटवीत दिसतात. पुस्तकात लिहिलंय म्हटल्यावर विषय संपला.

तर माझ्या विटा त्या तळ्याला गेल्या आणि वर काचघर उभं राहिलं. गुडघाभर खोल, दोन पुरुष लांब, आत उतरायला एक पायरी, तळाला पाणी सोडायची मोरी आणि तिला लाकडी गुडदीचं बूच. बांधकाम देखणं होतं, हे मी रागातही कबूल करीन. चुना मळताना गूळ लागतो, बेलफळाचं पाणी लागतं. गूळ कुठून गेला? माझ्या बाळंतपणाच्या लाडवांसाठी सासूबाईंनी आणून ठेवलेल्या ढेपेतून. मी सासूबाईंना म्हटलं, "विटा तर माशांना गेल्या. न्हाणीचं काय?" त्या म्हणाल्या, "बघू."

आमच्या सात पिढ्यांत कुणी मासा शिजवला नव्हता, त्यामुळे मासा कसा जगतो हेही कुणाला ठाऊक नव्हतं. कोपरहून होडीने एक आगरीण आमच्याकडे तांदूळ आणि वाल घेऊन यायची. तिचा नवरा मिठागरावर होता. यांनी तिला मासे आणायला सांगितले आणि श्रावणात तिने भाताच्या खाचरातले बोटभर मासे घागरीतून आणले. आमच्या दारात माशांची घागर उतरताना शेजारणींनी पाहिली आणि दुपारपर्यंत आळीभर झालं की ओव्हरसियरांकडे आता मासे खातात. मंगळागौरीला दोघींनी मला बोलावलं नाही. मासे यांचे आणि वाळीत मी.

ते मासे दुसऱ्या दिवशी उलटे तरंगत होते. आगरिणीने तळ्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकली.

"बाय गो, चुना उतरलाय पान्यान. मासा जलाला! केलीचे खुंट टाक, कुजू दे पंदरा दिस, मंग पानी बदल."

हे तिच्याशी वाद घालायला गेले. पुस्तकात केळीच्या खुंटांचा उल्लेख नव्हता. ती म्हणाली, "तुजं पुस्तक कवा मासं पाललं का?" मला मनापासून हसू आलं आणि मी पदर तोंडाशी धरून आत गेले. शेवटी केळीचे खुंट टाकले, ते कुजले, परसात वासाने उभं राहवेना. मला आधीच वासाने मळमळायचं. मी पुन्हा सासूबाईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, "आता त्याचं डोकं ठिकाणावर नाही. मग बोलीन."

पाणी बदललं, दुसरे मासे आले, जगले. हे कामावरून आले की टोपीसुद्धा न काढता आधी काचघरात. आणि मग सासूबाईंना आठवलं की तळ्याचा उत्सर्ग झालेला नाही. विहीर असो की तळं, पाणी आधी देवाला आणि जीवमात्राला अर्पण केल्याशिवाय वापरू नये. यांना ते पटत नव्हतं, पण आईला नाही म्हणायची यांची छाती नव्हती. भटजी आले, मंत्र झाले आणि दूध, दही, तूप, मध, साखर असं पंचामृत पातेलंभर तळ्यात ओतलं. वर गुलाल आणि कुंकू. नदीला हे चालतं, ती वाहून नेते. दोन पुरुष लांबीच्या डबक्यात, वर काच, भाद्रपदातलं ऊन! तिसऱ्या दिवशी दूध नासलं, तुपाची साय धरली आणि त्या सायीखाली मासे गुदमरून मेले. देवाला अर्पण केलेलं पाणी देवाने मासे धरून स्वीकारलं म्हणायचं.

मेलेला मासा उचलायला गडी तयार होईना, त्याचा उपास होता. मग हे स्वतः एकेक मासा केळीच्या पानावर घेऊन परसाच्या टोकाला पुरत होते आणि प्रत्येक खेपेला सासूबाई यांना विहिरीवर अंघोळ करायला लावत होत्या. हे उघड्यावर पाणी घेत होते. पुरुषाला काय, चारही दिशा मोकळ्या. त्या दिवशी यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला दया आली, आणि दया आल्याचा आणखी राग आला. माझा मुलगा गेला तेव्हा हे असेच गप्प उभे होते, एवढंच मला आठवत होतं.

दसऱ्यानंतर तिसऱ्यांदा मासे आले आणि या खेपेला रुजले. वीसेक असतील. पाणी निवळ, कडेला नेचे, काचेतून कोवळं ऊन. हे रोज सकाळी कणकेच्या गोळ्या टाकत आणि पाहिलेलं जेवताना आईला सांगत. एक मासा पाण्याच्या वर तोंड काढून श्वास घेतो, त्याला बहुतेक बरं नाही. एकजण कोपऱ्यातच राहतो. एकीच्या पोटात अंडी असावीत, ती जड झाली आहे, हळू चालते. मी वाढत होते. मला सातवा संपून आठवा लागला होता. भाताचं पातेलं खाली ठेवताना मी भिंतीचा आधार घेत होते.

मी सासूबाईंना आणखी किती वेळा सांगितलं, मला आठवत नाही. पालथ्या घड्यावर पाणी. मार्गशीर्ष निम्मा झाला आणि एका पहाटे त्या गोणपाटाआड माझा पाय घसरला. पडले नाही, बांबू हातात आला. पण बांबू उपटून आला, गोणपाट खाली, आणि पलीकडे गाडीवान बैलांना चारा घालत उभा. त्याने मान फिरवली, चांगला होता बिचारा. मी ओल्या लुगड्यानिशी घरात आले.

त्या दिवशी हे कल्याणला गेल्यावर आणि सासूबाई देवळात पुराणाला बसल्यावर मी काचघरात गेले. आत मऊ ऊब होती. बाहेर दातावर दात वाजत होते आणि माशांना ऊब. मी गुडदी उपसली. पाणी मोरीतून अळवाकडे वाहून गेलं. तळाशी घोटाभर उरलं, तशी मी पायरी उतरून आत गेले आणि मासे हाताने धरू लागले. जन्मात माशाला शिवले नव्हते. बुळबुळीत, जिवंत, हातातून निसटणारे. पोट आड येत होतं, वाकवत नव्हतं, मग तशीच चिखलात बसले आणि सगळे घागरीत भरले. तेवढ्यात वालाची पाटी घेऊन आगरीण आली. तिने मला बघून विचारलं काहीच नाही, फक्त हात धरून उठवलं. "मोठ्या तलावात सोडून ये," मी म्हटलं. तिने घागर उचलली. सोडले की कालवण केलं, ते मी पुढेही कधी विचारलं नाही.

संध्याकाळी हे आले, टोपीसकट काचघरात गेले आणि तसेच बाहेर आले. सासूबाई ओटीवर वाती वळत होत्या.

"आई, मासे कुठे आहेत?"

"मी सोडले," मी म्हणाले. दारात उभी राहून, सासूबाईंदेखत. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "तिथे मला न्हाणी हवी आहे. महिन्यावर बाळंतपण आलं. वैशाखापासून सांगते आहे."

हे गोंधळून बघत राहिले. "मला कुणी सांगितलं नाही."

खरं बोलत होते. तोंडावरून कळत होतं. आठ महिने ज्या माणसावर मी मनातल्या मनात दात खात होते, त्याच्या कानापर्यंत माझा एक शब्द पोचला नव्हता. पण राग त्याने उतरला नाही, उलट चढला.

"सांगावं का लागतं?" मी म्हटलं. "मासा तोंड वर काढून श्वास घेतो ते तुम्हाला दिसलं. मासोळी जड झाली ते दिसलं. मी भिंत धरून उठते ते नाही दिसलं? रोज त्या गोणपाटाशेजारून स्टेशनवर जाता ना?"

यांनी टोपी काढली. मग आईकडे वळून विचारलं, "तू का नाही सांगितलंस?"

सासूबाईंनी वातीवरची नजर उचलली नाही. "मला कुठे होती न्हाणी?" म्हणाल्या. "माझी पाच बाळंतपणं तिथेच झाली. त्यातला तू एक राहिलास."

ती पाच मला आजवर कुणी सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी यांनी रजा घेतली. तावदानांना आतून दाट चुना फासला, हाताला फोड येईपर्यंत. दाराला कडी बसवली. तळ्याच्या तळाशी पाट ठेवला. माझ्याशी मात्र महिनाभर बोलले नाहीत, म्हणजे नेहमीसारखंच. पौषात मुलगी झाली. तिला नि मला त्या कोरड्या तळ्यात न्हायला घातलं, वारा लागला नाही. ती जगली, आता तिला नातवंडं आहेत.

मी बाळंतपणातून उठले तशा सासूबाई त्या न्हाणीत जाऊ लागल्या. आत जायच्या, कडी लावायच्या. पाण्याचा आवाज केव्हाच थांबलेला असे, तरी दार उघडत नसे. मी दोनतीनदा हाका मारून पाहिलं, बाहेर आल्यावर त्या रागावलेल्या दिसत. मग मी हाक मारायचं सोडून दिलं, आणि चुलीवरचं बघायला आत निघून जाऊ लागले.