चाटणाचा देव

मेंढी व्याली की कपडे खाते. सगळ्यांच्या खात नसतील, आमच्या खायच्या. त्या साली कांदा निघाल्यावर आम्ही देवळ्याकडच्या एका शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवल्या होत्या. लेंडीखत त्याला, पाला आमच्या जनावरांना. तिथं व्यालेल्या मेंढ्यांनी माझं वाळत घातलेलं पोलकं चघळलं, नवऱ्याच्या पागोट्याचं टोक खाल्लं, चुलीतली राख चाटून चूल कोरी केली. शेतकऱ्याचा जावई नाशिक रोडला नोकरीला होता. तो उघड्या अंगानं विहिरीवर उभा असताना एका मेंढीनं त्याची पाठ चाटायला घेतली.

"अहो, ही मला खातेय!" तो ओरडला.

"खात नाय, घामाचं मीठ घेती," माझा नवरा म्हणाला. "जरा उभं ऱ्हावा, दुसरीबी येतीय."

हसण्यासारखं होतं, पण आम्ही हसत नव्हतो. आदल्या साली अशाच राख चाटणाऱ्या दोन मेंढ्या व्याल्यावर आडव्या पडल्या आणि मेल्या. त्यांची कोकरं मी शेळीचं दूध पाजून वाढवली, त्यातलंही एक गेलं. यंदा जुळी व्यालेली काळी मेंढी तशीच पडली. पाय ताठ, मान मागं. नवरा देवळ्याहून गुरांच्या डॉक्टरला घेऊन आला. डॉक्टरनं तिच्या शिरेत औषध सोडलं आणि सांगितलं, "हिच्या अंगातला चुना, मीठ सगळं दुधातून पोरांच्या पोटात जातंय. ही उठेल, पण बाकीच्याही पडतील. त्यांना हे चाटायला ठेवा." त्यानं एक लाल वीट दिली. मीठ आणि औषधं दाबून केलेली. चाटण म्हणायचे तिला. नवऱ्यानं ती मेंढ्यांच्या वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या, तोंडाशी एका दगडावर उभी केली आणि जेवून झोपला.

आमच्यात सगळ्यांच्या आधी सासू उठायची. ती उठली तर काळी मेंढी उभी राहून दोन्ही पोरांना पाजत होती, आणि वाघरीच्या तोंडाशी कधी नव्हता तो लाल दगड. त्यावर दव पडून मीठ पाझरत होतं.

"देव आला!" सासू ओरडली. "बघा, चालून आलाय लांबून. घाम आलाय त्याला."

मी उठेपर्यंत तिनं हळद-कुंकू वाहिलं होतं. शेंदूर सिन्नरकडं घरी राहिला होता, ते बरं झालं, नाहीतर औषधाबरोबर तोही मेंढ्यांच्या पोटात गेला असता. तेवढ्यात एक मेंढी जीभ काढून पुढं आली. सासूनं तिच्या तोंडावर काठी हाणली. "देवाला उष्टं करती, रांडं?"

मी नवऱ्याकडं बघितलं. तो पागोट्याचं खाल्लेलं टोक बघत बसला. आईपुढं त्याचं तोंड उघडत नसे. मग मीच बोलले, "आत्या, तो देव नाय. सरकारी दवाखान्यातलं औषध हाय."

"सरकार दगड वाटतं व्हय? रेशनला गहू मिळंना, आन् दगड वाटतंय!"

"वाचून दाखवते. अक्षरं हायत त्याच्यावर." मी चौथी शिकलेली.

"देवाच्या अंगावर अक्षरं असायचीच," सासू म्हणाली आणि अक्षरांवर आणखी कुंकू थापलं.

दुपारी शेतकऱ्याची बायको आली. "हाऊ कोणता देव शे, बाई?" हा कोणता देव, असं तिनं तिच्या अहिराणीत विचारलं आणि उत्तराची वाट न बघता नारळ फोडला. दोन दिवसांत देवाला फडकं नेसवलं, भोवती काट्यांचं कुंपण घातलं. मेंढ्या कुंपणाबाहेर उभ्या राहून नारळाच्या करवंट्या चाटत होत्या. एक भुरी मेंढी पाय ओढायला लागली. ती पडली तर तिचं कोकरू माझ्याच गळ्यात येणार होतं, आणि शेळी यंदा आटली होती.

सासूशी भांडण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, "आत्या, देव आला तसा बिनअंघोळीचाच हाय."

तिला ते लागलं. तिनं लगेच पाणी मागितलं. मी देवाखाली परात ठेवली आणि कळशी कळशी ओतली. खाली लाल, खारं तीर्थ साचलं.

"हे तीर्थ वतून कसं द्यायचं?" मी विचारलं. "व्यालेल्या मेंढ्यांना पाजू?"

"मग काय तुझ्या पोलक्यांना पाजशील? पाज की!"

भुऱ्या मेंढीनं परातीतून तोंड काढलं नाही. तेव्हापासून देवाची रोज सकाळ-संध्याकाळ अंघोळ. भुरीचे पाय हळूहळू सुटले. राख चुलीत राहायला लागली, पोलकी दोरीवर.

डॉक्टर बघायला आला तेव्हा सासूनं त्याला बूट काढायला लावून हातावर तीर्थ दिलं. तो ते प्यायला आणि त्यानं तोंड वाकडं केलं.

"खारट आहे, आजी."

"पापी माणसाला लागतं तसं."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी परातीकडं बोट दाखवलं. त्यानं व्यालेल्या मेंढ्या एकेक करून बघितल्या आणि बूट घालताना हळूच म्हणाला, "थांबवू नका."

पण अंघोळीनं देव झिजला. साबणाच्या वडीएवढा राहिला तेव्हा सासू जेवेना. "चालला सोडून. न्हाऊ घालून घालून मारलंस तू त्याला." देव जायची काळजी तिला होती. मला तीर्थ संपायची होती, अजून काही मेंढ्या व्यायच्या होत्या. मी नवऱ्याच्या हातात ती वडी ठेवली आणि देवळ्याला पिटाळलं.

संध्याकाळी त्यानं पिशवीतून नवी, पूर्ण वीट काढली. सासू बघतच राहिली.

"कुठं नेलं होतंस रं ह्याला?"

लग्नानंतर पहिल्यांदाच तो आईपुढं खरं बोलला. "दवाखान्यात."

सासूनं विटेवरून दोन्ही हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. "बाई, बाई, केवढं अंग धरलं! मला वाटलंच, आजारी हाय." मग ती माझ्यावर खेकसली, "बघती काय? पाणी ऊन कर. दवाखान्यातनं आल्याल्याला गार पाणी घालशील!"

मी चूल पेटवली. त्या सगळ्या हिवाळ्यात आमच्या मेंढ्या कोमट तीर्थ प्यायल्या, आणि एकही पडली नाही.