मामांनी ठोकून पाहिलेली दोन गावं

जगात जी वस्तू ठोकून पाहता येत नाही, तिच्यावर आमच्या मामांचा विश्वास नाही. देवावर नाही, नशिबावर नाही, निवडणुकीतल्या आश्वासनांवर तर मुळीच नाही. त्यामुळे हा माणूस मला लहानपणापासून मोठा क्रांतिकारक वाटत आला. पुढे कळलं, की यामागे विचारसरणी वगैरे काही नाही; मामा दौंड जंक्शनवर गाड्यांची चाकं ठोकतात. गाडी फलाटाला लागली, की लांब दांड्याची हातोडी घेऊन ते तिच्या कडेकडेने चालत जातात, प्रत्येक चाकावर एक ठोका देतात आणि मान तिरकी करून ऐकतात. चाक धड असेल तर खणखणीत वाजतं, चीर गेलेली असेल तर बद्द. वर डब्यात लोक चहा पीत असतात, जागेवरून भांडत असतात, आणि खाली एक माणूस त्यांच्या जिवाची खात्री करून घेत पुढे सरकतोय, याची कुणी दखलही घेत नाही. यावर मी एकदा एक जळजळीत लेख लिहिला आणि मामांना वाचून दाखवला. त्यांनी तो मान तिरकी ठेवून शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाले, "चांगला हाय. मधी मधी बद्द वाजतोय."

ड्यूटी संपली की हातोडी स्टेशनात ठेवून यावी लागते. पण बोटं घरी येतातच. मडकं घ्यायचं तर कुंभारणीसमोर बसून मामा तिचा सगळा ढीग वाजवून काढणार. कलिंगड, नारळ, भिंत, दार, डॉक्टरांकडची औषधाची बाटली, काहीही त्यांच्या बोटांतून सुटत नाही. बरं, त्यांचं निदान बरोबर येतं म्हणावं, तर तसंही नाही. त्यांनी खात्री दिलेलं मडकं पहिल्याच दिवशी पाझरतं आणि कलिंगड आतून पांढरं निघतं. चाकांच्या बाबतीत मात्र ते कधी चुकल्याचं दौंडात कुणी सांगत नाही. मामींच्या भाचीला पाहायला आलेल्या मुलाच्या पाठीतही त्यांनी शाबासकीच्या निमित्तानं दोन ठोके घातले होते आणि आत येऊन "पोरगं खणखणीत हाय" असा निकाल दिला होता. लग्नानंतर चार महिन्यांत ते पोरगं नोकरी सोडून ढोलकी वाजवायला फडात गेलं. मामी बोलल्या तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "म्हंजी वाजत तर व्हतंच की."

हॉटेलात गेले, की चहा ओतण्याआधी ते रिकामा कप नखानं वाजवतात. याची मी माझ्यापुरती एक मीमांसा केली होती. मामांच्या लहानपणी आमच्या लोकांसाठी हॉटेलच्या बाहेर वेगळे कप ठेवलेले असत, तडे गेलेले, कान तुटलेले. ते कप आपले आपण विसळून घ्यायचे आणि परत तिथंच पालथे घालायचे. तेव्हा ही नखाची टिचकी म्हणजे एका अख्ख्या व्यवस्थेला विचारलेला जाब आहे, असं मी त्यांना उत्साहाने सांगितलं. मामा म्हणाले, "तसं काय न्हाई. फुटक्या कपातला चहा सदऱ्यावर गळतो." मग बराच वेळ त्यांनी तो कप हातात तसाच धरून ठेवला.

रेल्वेचा संप झाला तेव्हा मामा संपात होते. निष्ठेने होते. पण गाड्याच उभ्या राहिल्यामुळे त्यांच्या हाताला चैन पडेना. घरातले डबे, पातेली, मामींचा तवा, शेजाऱ्यांची सायकल, सगळं वाजवून झालं. शेवटी मामी माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "तुझ्या त्या पत्रकात लिव्ह बाळ, की सरकारनं लवकर मिटवावं. माझं डोकं उठलंय."

मी तेव्हा त्यांच्याच क्वार्टरमध्ये राहत होते. आमचं घर न्हावऱ्याला. वडील प्राथमिक शिक्षक. पगारातून घरात धान्य आणि चळवळीची पत्रकं या दोनच गोष्टी नियमित यायच्या. मी अक्षरं पाटीवर गिरवली, पण वाचायला शिकले ते पत्रकांवर. शिरूरच्या शाळेतून निघाल्यावर पुण्याच्या कॉलेजात सायन्सला नाव घातलं आणि दौंडला मामांकडे राहायला आले. सकाळच्या शटलने पुण्याला जायचं, संध्याकाळच्या शटलने परत. मामा-मामींना मूल नाही. मी यायच्या आधी मामांनी लोखंडी खाट आणली होती. तिचे चारही पाय वाजवून पाहिले होते, आणि तरी ती एका बाजूला डुगडुगायची. संध्याकाळी शटल आली, की उतरताना मला ते दिसायचेच. ड्यूटी असो वा नसो. गाडीच्या कडेने चाकं ठोकत येणारे, नाहीतर नुसतेच हात मागे बांधून उभे. "तुझी गाडी आज दम खात आली," असं काहीतरी म्हणून माझ्या हातातली पिशवी घ्यायचे. बाकी वाटेत बोलणं नाही.

इंटरचा निकाल चांगला लागला आणि त्या पावसाळ्यात मला डॉक्टरीसाठी दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. एक पुण्याचं, एक औरंगाबादचं. आमच्या वस्तीतल्या विहारात वडिलांनी पेढे वाटले. मग आई आणि वडील एसटीने दौंडला आले आणि मामांच्या ओसरीवर बैठक बसली, कारण आठवड्याच्या आत कुठलं तरी एक ठरवून कळवायचं होतं.

खरं तर आई येतानाच ठरवून आली होती. पुणे. पोरगी मामाच्या घरी राहील, घरचं खाईल, शटलने जाईल-येईल. वडिलांना तत्त्व म्हणून औरंगाबाद मान्य होतं, पण आणीबाणी नुकतीच लागलेली, आणि माझी जीभ त्यांच्या ओळखीची. त्यामुळे व्यवहार म्हणून त्यांनाही पुणंच बरं वाटत होतं. मी भाषण केलं. ज्या पत्रकांवर मला वाढवलंत त्यातली निम्मी औरंगाबादला छापलेली आहेत, तिथं आपल्या मुलामुलींनी वसतिगृहात राहून काय काय केलंय ते तुम्हीच मला वाचून दाखवलंत, आणि आता माझी पाळी आली तर शटल दाखवता. खूप वेळ बोलले. बोलले नाही ते एवढंच, की दोन वर्षं मी घड्याळाकडे बघत जगले होते. प्रयोग अर्धा टाकून, लायब्ररीतलं पुस्तक उघडंच ठेवून, सभेत पहिला वक्ता उभा राहत असतानाच मी स्टेशनकडे पळत असे. पळताना कुणाला दिसू नये म्हणून मागच्या गल्लीने. अजून पाच वर्षं मला तसंच पळायचं नव्हतं. पण हे मामांच्या ओसरीवर बसून, मामींच्या हातचं जेवून, कसं बोलायचं? म्हणून मी चळवळीवर बोलत राहिले.

मामा खांबाला टेकून बसले होते. मान तिरकी. मी थांबल्यावर म्हणाले, "तोंडानं काय कळतंय. दोन्ही गावं ठोकून बघाय पायजेत."

आईला वाटलं ते गंमत करतायत. पण मामांनी खरंच रजा टाकली, पास काढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या शटलने पुण्याला गेले. बेत साधा होता. ज्या दवाखान्यात मी शिकणार, त्या दवाखान्यात रोगी म्हणून रांगेत उभं राहायचं आणि छातीत दुखतंय म्हणून सांगायचं. ते माझ्याशी जसे वागतील, तसं पोरीला वागायला शिकवतील, असा त्यांचा हिशोब. संध्याकाळी ते शटलने परत आले. हातात गोळ्यांची पुडी. काय झालं विचारलं तर म्हणाले, "दुसरं गाव बघितल्याबिगर सांगायचं न्हाई."

मग औरंगाबाद. दौंडहून मनमाड, तिथं गाडी बदलायची, आणि पुढची लाईन छोटी, अरुंद रुळांची. मामांना छोट्या लाईनीचा मनापासून तिटकारा. त्या गाडीला ते गाडीच म्हणत नाहीत. दुसऱ्या दिवशी परत येतो म्हणून गेले ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मामींनी जेवण सोडलं. आई मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाली, की सगळं या पोरीच्या औरंगाबादपायी. चौथ्या दिवशी मनमाडकडच्या गाडीतून मामा उतरले, दाढी वाढलेली, चेहरा प्रसन्न. त्यांनी दुखण्याचं सोंग इतकं मन लावून वठवलं होतं, की डॉक्टरांनी त्यांना भरतीच करून घेतलं होतं.

त्या मुक्कामाचं वर्णन मामा अजून करतात आणि दर वेळी ते थोडं वाढतं. शिकाऊ मुलामुलींचा घोळका खाटेभोवती आला. एकानं पाठीवर बोट टेकवलं आणि त्यावर दुसऱ्या हाताच्या बोटानं ठोकलं. मान तिरकी करून ऐकलं. मामा उडालेच. आयुष्यभर जे काम ते चाकांवर करत आले, ते इथं माणसावर चाललं होतं. मग दुसऱ्यानं ठोकलं, मग एका मुलीनं. "अजून एकदा ठोका, बाई," मामा म्हणाले. हा रोगी ठोक्यागणिक खूष होतोय हे मोठ्या डॉक्टरांच्या लक्षात आलं आणि त्यांनी विचारलं, काम काय करता? मामांनी सांगितलं. तेव्हा म्हणे मोठे डॉक्टर मुलांकडे वळून म्हणाले, की हे आपल्याच धंद्यातले आहेत, यांना नीट तपासा.

हे सगळं ओसरीवर सांगून झाल्यावर आईनं विचारलं, "आन् पुण्यात काय झालं, दादा?"

मामा चहाचा कप वाजवत होते. वाजवणं थांबवून म्हणाले, "पुण्यात नळी लावली. गोड बोलले. पण ठोकलं न्हाई."

"म्हंजी?"

"जितं ठोकून बघत न्हाईत, तितं पोरगी काय शिकणार? औरंगाबाद लांब हाय, छोटी लाईन हाय. पण ठोकत्यात."

आईनं वडिलांकडे पाहिलं, वडिलांनी मामांकडे. माझ्या अख्ख्या भाषणानं जे झालं नव्हतं, ते या एका वाक्यानं झालं. या घरात मामांच्या बोटांच्या निकालावर अपील नव्हतं. मडक्यांचा अनुभव असूनसुद्धा.

निघायच्या दिवशी मामांची ड्यूटी नव्हती. तरी ते हातोडी घेऊन आले आणि माझ्या गाडीची सगळी चाकं त्यांनी ठोकली. ज्याची ड्यूटी होती तो बाजूला उभा राहून बिडी ओढत होता. मामी खिडकीतून डब्यामागे डबा देत होत्या. शिट्टी झाली तेव्हा मामा परत आले आणि माझ्या डब्याचं चाक त्यांनी पुन्हा एकदा ठोकलं. वर बघितलं नाही. गाडी हलली तरी मान तिरकीच होती.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी दौंडला गेले. औरंगाबादला मी घड्याळाकडे न बघता वाचते, सभेत शेवटच्या वक्त्यापर्यंत बसते, आणि यंदा ठोकून तपासायला शिकतेय. फुप्फुसावर आवाज खणखणीत येतो, छातीत पाणी झालं असेल तर बद्द. हात बसायला सराव लागतो. मामांना अंगणात स्टुलावर उघड्या पाठीनं बसवलं. मामी समोर तांदूळ निवडत होत्या. मामा पुढच्या वर्षी रिटायर होतील. पाठ बारीक झालीय. मी डाव्या हाताचं बोट टेकवून ठोकायला लागले. मामांनी सुखानं डोळे मिटले. थोड्या वेळानं म्हणाले, "खालचं बोट घट्ट टेकव. पुण्याच्या त्या पोरानं कसं घट्ट टेकवलं व्हतं."

माझा हात थांबला. मामींचा सुपातला हातही थांबला.

"पुण्याच्या?" मी विचारलं.

मामांनी डोळे उघडले नाहीत. लांब कुठेतरी शंटिंगचे डबे एकमेकांवर आपटले. मामी सुपाकडे बघत हळूच म्हणाल्या, "खाट विकू देत न्हाईत अजून. सांजच्या शटलला आजबी जाऊन हुबं ऱ्हात्यात."

ज्या माणसानं चिरलेल्या चाकाला आयुष्यात कधी धड म्हटलं नाही, त्यानं एकदाच खोटा निकाल दिला होता, आणि तो स्वतःच्या विरोधात.

"थांबलीस का? ठोक की," मामा म्हणाले.

मी पुढे आले आणि छातीवर ठोकायला लागले. उजवीकडे खणखणीत. डावीकडे, काळजाच्या जागी, आवाज बदलला. मामांची मान लगेच तिरकी झाली. इतक्या वर्षांचा कान तो.

"बद्द वाजलं," ते म्हणाले.

"तिथं सगळ्यांचंच बद्द वाजतं, मामा."

"तुझंबी?"

"माझंही."

"मग ठीक हाय," मामा म्हणाले आणि सदरा चढवायला लागले. संध्याकाळच्या शटलची वेळ झाली होती.