बिनपावडरीची ओळ

दत्ता भोईर गेल्याचा निरोप आला तेव्हा आमच्या वर्तमानपत्राच्या कार्यालयात सकाळची बैठक चालू होती. त्याची बायको फोनवर एवढंच म्हणाली, "भावजी, मुरबाडला घरी या." त्याला आता महिना झाला.

माझा मित्र दत्ता शहापूर तालुक्यात कृषी सहायक होता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस भातानंतर टोमॅटो लावणारे लोक मर रोगाने हैराण होते. मातीतली बुरशी मुळांतून शिरते, खालची पानं पिवळी पडतात आणि फळांनी लगडलेलं झाड काही दिवसांत मान टाकतं. शेणवे गावच्या जनाबाईंचा अख्खा मळा आदल्या हिवाळ्यात असाच गेला होता. या बुरशीला रोखणाऱ्या जिवाणूंची पावडर दत्ताला चाचणीसाठी मिळाली. जनाबाईंच्याच मळ्यात, पावडरीच्या पाण्यात रोपांची मुळं बुडवून लागवड करायची, दोन ओळी मात्र तशाच ठेवायच्या. फरक दिसला, तर पुढच्या वर्षी तालुकाभर पावडर मिळणार होती.

"म्हंजे दोन ओळी मरायला ठेवायच्या?" जनाबाईंनी विचारलं.

"मरतात का, तेच बघायचंय, काकी."

"तुमची नायत ना, म्हणून बघवतंय."

दत्ता दर दोन दिवसांनी जाऊन प्रत्येक झाडाचं खालचं पान उलटून बघायचा. शेजारच्या मळ्यात झाडं कोलमडू लागली. इथे सगळ्या ओळी हिरव्यागार... आणि तेच त्याला खटकत होतं. वरिष्ठ पाहणीला आले त्या दिवशी त्याने त्यांच्यासमोरच विचारलं, "काकी, या दोन ओळींना काय केलंत?"

"उरलेलं पाणी घातलं. फेकायचं होतं काय?"

साहेब हसले. "भोईर, दोन ओळी मेल्या असं लिहून टाका. कोण येतंय मोजायला?"

"जिवंत आहेत, साहेब."

त्याने अहवालात लिहिलं : तुलना होऊ शकली नाही. माझी बातमी तयार होती, तीही त्याने थांबवायला लावली. तुझ्या एका वाक्यापायी तालुका उपाशी राहील, असं मी त्याला सुनावलं. पुढचा हिवाळा पावडरीविना गेला, डोळखांबपर्यंत मळे वाळले. त्याचं बरोबर होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतरच्या वर्षी खटपट करून त्याने एक पुडा मिळवला. या वेळी जनाबाईंनी आपणहून दोन ओळी सोडल्या. फळं धरली आणि फक्त त्याच ओळी सुकल्या. दत्ताने खोड चिरून आतली मर रोगाची तपकिरी रेघ दाखवली. "झालं ना समाधान?" म्हणत त्या घरात गेल्या, चहालाही बोलावलं नाही. पावडर तालुक्यात आली ती त्यानंतर.

गेल्या आठवड्यात शेणव्याला गेलो. जनाबाई रोपं लावत होत्या. बांधाकडची एक ओळ कोरड्या मुळांची, बिनपावडरीची होती. पावडर आता दुकानात मिळते, चाचणी कधीच संपली. ही ओळ कशाला, असं मी विचारलं.

"दरसाल ठेवते. तो येऊन बघायचा."

"आता कोण बघणार?"

त्यांनी मातीचे हात पदराला पुसले. "तुमी आलायत ना... खाली बसा. उभ्यानं पानं दिसत नायत."